हाय का?

चूक माझी होती. हे वाक्य खरं तर शेवटी यायला हवं, पण तिथपर्यंत पोचताना माझा धीर सुटेल अशी भीती वाटते. इतकी वर्षं तो सुटतच आला आहे. म्हणून आधीच लिहून टाकतो. अकोल्याच्या बायपासला ट्रकच्या वायरिंगची कामं करणारे शेषूभाऊ मागच्या महिन्यात गेले. त्यांच्या नावाला एक उंदीर चिकटला होता. शेषूभाऊनं वायर नीट झाकली नाही, ती उंदरानं खाल्ली, आणि त्यापायी एका माणसाचा पाय मोडला, अशी ती गोष्ट. बायपासवर चहाला थांबणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ती ठाऊक होती. त्या गोष्टीत उंदीर नव्हताच. माझ्या ट्रकच्या मागच्या फळीत मी माझ्या हातानं पिळलेला एक स्क्रू होता. हे दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला. ते गेल्यावर उरलो मी एकटा, आणि एकट्यानं ते सांभाळणं मला जमेना.

बातमी आली तेव्हा मी शेंदूरजनाघाटला, आमच्या बगिच्यात होतो. आंबिया बहराची तोड चालू होती. बाया संत्री निवडत बसल्या होत्या, चांगली एका ढिगात, डागी दुसऱ्या ढिगात. फोन पुंडलिकचा होता. शेषूभाऊंच्या दुकानाला लागून त्याची चहाची टपरी आहे. एरवी लांबण लावणारा माणूस, पण त्या दिवशी एवढंच म्हणाला, “सुधाकरभाऊ, शेषूभाऊ गेला.” आणि मला, काय सांगू, क्षणभर बरंच वाटलं... हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं खरं. कारण ‘गेला’ हा शेषूभाऊंच्या आणि माझ्यातला चांगल्या बातमीचा शब्द होता. तो कसा, ते पुढे येईल. तो बरं वाटण्याचा क्षण ओसरायच्या आत फोनमध्ये पुंडलिकचं रडणं ऐकू आलं. हातातलं संत्रं मी कुठल्या ढिगात टाकलं ते आठवत नाही.

आमचा ट्रक जुना आहे. वडिलांनी घेतला तेव्हाच तो कोणाचा तरी वापरून झालेला होता. लाकडी बॉडीचा, कण्हत चालणारा, पण इमानी. घरात त्याला सगळे नुसतं ‘गाडी’ म्हणतात, आणि वडिलांनंतर ती मीच चालवत आलो. हंगामात संत्री अकोल्याच्या बाजारात न्यायची, इतर दिवसांत किराणा घेऊन धारणीकडच्या दुकानांना जायचं. धारणीच्या रस्त्यानं चार फेऱ्या केल्या की गाडीचा कुठला ना कुठला दिवा बंद पडलेला असायचा. असाच एकदा एका डोळ्यानं, म्हणजे पुढच्या एकाच दिव्यावर, अकोल्यात आलो होतो, तेव्हा पुंडलिकनं बोट दाखवलं आणि मी शेषूभाऊंच्या दारात उभा राहिलो.

वायरिंगवाला म्हटल्यावर जो माणूस डोळ्यांसमोर येतो, तसे ते बिलकुल नव्हते. ग्रीस, धूळ, जळक्या वायरींचा वास, या सगळ्यात हा माणूस पांढराशुभ्र शर्ट घालून बसलेला. शर्टाच्या खिशात कंगवा. गाडीखालून बाहेर आले की आधी केस विंचरायचे, मग काय बिघडलं होतं ते सांगायचे. स्वतःबद्दल भलताच अभिमान. “अकोल्यात दोनच गोष्टी ओरिजनल,” असं ते नव्या गिऱ्हाइकाला हटकून ऐकवायचे, “एक इथलं ऊन अन् दुसरा मी.” तरण्या ड्रायव्हरांना तर ते सोडायचेच नाहीत. लाइट लागत नाही म्हणून कोणी तक्रार घेऊन आला की “गाडीत हाय, तुह्या डोक्यात नाई लागून राहिला,” असं म्हणून त्यालाच टॉर्च धरायला बसवायचे. मी त्यांच्याहून लहान, तरी मला मात्र पहिल्या दिवसापासून ‘तुमी’. मीही त्यांना ‘तुमी’च म्हणायचो. आणि संत्री... पेटी उघडली की पहिलं संत्रं त्यांचं. मीठतिखट लावून, डोळे मिटून खायचे आणि निकाल द्यायचे, “यंदा तुमच्या झाडायले कशाचा तरी राग आला हाय, भाऊ.” ज्या वर्षी गोड म्हणाले, त्या वर्षी मला बाजारभावापेक्षा त्याचंच जास्त वाटायचं.

माझी मुलगी प्राची लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. आमच्याकडच्या गाड्यांवर मुलांची नावं असतात, तुम्ही पाहिली असतील, अमुक-तमुकची कृपा आणि खाली दोन-तीन मुलगे. प्राची शाळकरी होती तेव्हा एकदा तिनं विचारलं, बाबा, आपल्या गाडीवर माझं नाव काहून नाही?  मग अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका दुकानातून स्टीलची पाटी करून आणली, लाल अक्षरात नुसतं ‘प्राची’. दसऱ्याच्या सकाळी गाडी धुतली, झेंडूचं तोरण बांधलं, आणि ती पाटी मागच्या फळीवर मी स्वतः लावली. दुकानदारानं पाटीसोबत बारके स्क्रू दिले होते. मला ते नाजूक वाटले. भरलेली गाडी, धारणीचे खड्डे, पोरीचं नाव हलायला नको... म्हणून घरातले लांब स्क्रू घेतले, पितळी टोपीचे, आणि जोर लावून पार आत पिळले. चूक झाली ती तिथं. कारण त्याच उन्हाळ्यात शेषूभाऊंनी मागच्या दिव्यांची वायर नवी टाकली होती, त्याच फळीच्या आतून, आणि मला बजावलं होतं की मागच्या फळीले हात लावाचा असंल तं आधी मले इचारा. मी विचारलं नाही. दसऱ्याच्या दिवशी ते मला आठवलंसुद्धा नाही.

त्यानंतर फ्यूज उडायला लागला. शेंदूरजन्याहून संत्री भरून निघालो की अमरावती ओलांडेपर्यंत सगळं ठीक, पुढे कुठेतरी मागचे दिवे बंद. नवा फ्यूज टाकला की थोडा वेळ चालायचा, पुन्हा जायचा. बाजारात माल उतरवून मी शेषूभाऊंकडे जायचो, आणि तिथं दिवे असे लागायचे की जणू कधी बिघडलेच नव्हते. त्यांनी इकडे वायर ओढली, तिकडे होल्डर साफ केला, काही सापडेना. दोन-तीनदा असं झाल्यावर ते म्हणाले, गाडी रिकामी असली का साजरी वागते, वजन पडलं का बॉडी दबते अन् कुठंतरी टेकते, तुमी गाडी भरून आना. मी म्हणालो, भरून आणली तर लिलाव चुकेल, माल बसेल. ते पुन्हा म्हणाले, भरून आना. मी पुन्हा टाळलं. खिशात फ्यूजची पुडी ठेवली आणि तशीच गाडी चालवत राहिलो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, दिवेलागणीची वेळ होती. मी चहासाठी गाडी बाजूला घेत होतो, तेवढ्यात मागून धाड्‌दिशी आवाज आला. बाजार करून घरी जाणारा एक भाजीवाला, रामदास त्याचं नाव, मोपेडसकट मागच्या फळीवर आदळला होता. मागे एकही दिवा लागलेला नव्हता. रस्त्यावर त्याची वांगी पसरली होती आणि तो स्वतःच्या पायाकडे न बघता वांग्यांकडे बघत होता. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. पाय मांडीत मोडला होता. जीव वाचला, पण पुढे कित्येक महिने तो कुबड्यांवर होता. रस्त्यावर जमलेल्यांपैकी कोणीतरी चेपलेल्या पाटीवरून हात फिरवत विचारलं होतं, हे कोनाचं नाव हाय?

दोन दिवसांनी गाडी घेऊन बायपासला आलो, तेव्हा बातमी माझ्या आधी पोचलेली होती. टपरीवर पाच-सात ड्रायव्हर होते. पुंडलिक मनानं वाईट नाही, पण बोलायला लागला की थांबत नाही. चहा गाळता गाळता म्हणाला, “पोट्टीचं नाव लावलं अन् गाडी बिघडली, भाऊ. मी तं म्हनतो ते पाटी काढून टाका.” बाकावरचा एक ड्रायव्हर हळूच बोलला, “पांढऱ्या पायाची असन.”  पोरीनं त्या सकाळीही घरी मला विचारलं होतं की बाबा, पाटीला किती लागलं. त्या ड्रायव्हरची मान धरायला हवी होती, किंवा गप्प बसायला हवं होतं. मी वळलो ते शेषूभाऊंकडे. ते दुकानाच्या पायरीवर केस विंचरत उभे होते. मी मोठ्यानं म्हणालो, “नावाले काई बोलू नका. वायरिंग कोनं केलं ते इचारा. शेषू, तुह्या हातचं काम हाय हे. तुह्यापायी एक मानूस मरत होता.”

 शेषूभाऊंचा कंगवा केसांतच थांबला होता. मी त्यांना ‘तू’ म्हणालो हे माझ्या त्या वेळी लक्षातही आलं नाही. त्यांच्या आलं असणार, पण उत्तर देताना त्यांनी आपलं बोलणं बदललं नाही. “गाडी भरून आना, भाऊ,” एवढंच म्हणाले, “मंग बोलू.”

पुढच्या खेपेला मी बाजारात न जाता सरळ बायपासला आलो. दुपार होती, गाडीत तोंडापर्यंत संत्री. शेषूभाऊंनी दुकानातून त्यांचा बल्ब आणला. तो मी आधीही पाहिला होता, पण त्याचं काम त्या दिवशी कळलं. साधा होल्डर, त्यात ट्रकचा बल्ब, दोन वायरी आणि टोकाला दोन चिमटे. आधी त्यांनी गाडीचे मागचे सगळे बल्ब काढून घेतले. मग फ्यूज काढला, त्याच्या जागी हा बल्ब लावला, दिव्याचं बटण दाबलं, आणि बल्ब लख्ख पेटला. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी समजावलं. आता विजेला जायला नीट रस्ताच ठेवला नाही, सगळे दिवे तर काढले. तरी हा पेटला म्हणजे ती कुठल्या तरी चोरवाटेनं चालली आहे. फ्यूज असता तर उडून गेला असता. बल्ब उडत नाही, तो नुसता सांगत राहतो. हा पेटला आहे तोवर खोट आहे, विझला की खोट सापडली. उलटा दिवा, मी म्हणालो. ते म्हणाले, दिवा सरळच हाय, आपुन उलटे हावोत.

मला त्यांनी केबिनमध्ये बल्बासमोर बसवलं आणि स्वतः गाडीखाली शिरले. पांढऱ्या शर्टासकट. खालून आवाज यायचा, “हाय का?” आणि मी बल्बाकडे बघून सांगायचो, “हाय.” ते थोडं पुढे सरकायचे, वायर हलवायचे, एखादा जोड सोडून पुन्हा बांधायचे. “हाय का?” “हाय.” ऊन चढलं होतं, संत्र्यांचा वास केबिनभर दाटला होता. मी त्यांच्यावर रागावलेलो होतो, आणि तरी त्या दोन शब्दांत काहीतरी असं होतं की राग टिकत नव्हता. एक माणूस न दिसणाऱ्या ठिकाणाहून विचारतो आहे आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून पुढे सरकतो आहे... आवाज लांब लांब जात मागच्या चाकांपलीकडे गेला. मग तो मागच्या फळीपाशी आला. “हाय का?” “हाय.” मग बराच वेळ काहीच नाही. लाकूड करकरल्यासारखं वाटलं, आणि माझ्यासमोर बल्ब पटकन विझला.

“गेला!” मी ओरडलो. मला इतका आनंद झाला होता की मी दार उघडून अर्धा बाहेर आलो होतो. “शेषूभाऊ, गेला!”

खालून उत्तर आलं नाही. ते लगेच बाहेरही आले नाहीत. आले तेव्हा शर्टाच्या पाठीवर तेलाचा भला मोठा डाग होता, उजवी मूठ मिटलेली, आणि त्यांनी केस विंचरले नाहीत. तोवर टपरीवरची मंडळी भोवती जमली होती. पुंडलिकनं विचारलं, काय भेटलं? शेषूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग त्या सगळ्यांकडे. आणि म्हणाले, “उंदरानं वायर खाल्ली. मी वरून पाइप घालाचा राहून गेलो. माही चूक हाय.”

मग नवा फ्यूज बसवायला म्हणून केबिनमध्ये चढले, दार ओढून घेतलं, माझा हात उलटा करून तळव्यावर पितळी टोपीचा स्क्रू ठेवला. तो लांब स्क्रू मी ओळखला. दुसऱ्या क्षणी सगळंच कळलं, तो आतल्या वायरीत घुसला होता आणि गाडी भरली की लोखंडाला टेकत होता. फळी, उन्हाळा, त्यांनी दिलेली ताकीद. मी विचारलं, “मंग तुमी उंदीर काहून सांगतला?”

“स्क्रू म्हनलं का पाटी आली,” ते फ्यूज दाबत म्हणाले. “पाटी आली का पोट्टी आली. इतल्या लोकायचं तोंड तुमी आयकलं न परवा? उंदराले कोनी नावं ठेवत नाई, भाऊ.” खाली उतरताना मागे वळून एवढंच सांगितलं की पाटी परत लावा, पण दुकानदारानं दिलेले बारके स्क्रू लावा.

मी त्याच वेळी खाली उतरून सांगू शकत होतो. पोरीचा यात काही संबंध नाही, बापानं न विचारता स्क्रू पिळला, सांगूनही गाडी भरून आणली नाही. साधी तीन वाक्यं. शेषूभाऊंनी उंदीर पुढे केला होता तो पोरीसाठी, माझ्यासाठी नव्हे. पण त्या उंदरामागे पोरीच्या जोडीनं मलाही जागा होती, आणि मी तिथं जाऊन बसलो. पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिलो की मी प्राचीसाठी गप्प आहे. पोरीच्या नावाआड लपलो, हे आता लिहितो आहे तेव्हा दिसतं.

उंदीर बायपासवर मोठा झाला. नवे ड्रायव्हर समोरच्या दुकानात जाऊ लागले. जुने यायचे, पण येता येता विचारायचे, “काय शेषूभाऊ, मांजर पाळलं का?” ते हसायचे. मला एकदा कोणी तो विनोद सांगितला, शेषूभाऊंच्या समोर, आणि मीही हसलो. त्या हसण्याइतकी लाज मला माझ्या कुठल्याच गोष्टीची वाटत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत कसलीही तक्रार नव्हती, आणि खिशातून कंगवा काढला. रामदास कुबड्या टेकत त्यांच्या दारात आला आणि नको नको ते बोलून गेला, हे मला पुंडलिककडून कळलं. शेषूभाऊंनी ते ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला आणि रिक्षात बसवून दिलं. मला त्यातलं अक्षरही त्यांनी कधी सांगितलं नाही. माझी गाडी आली की नेहमीसारखं पहिलं संत्रं, मीठतिखट, निकाल. आणि दिव्याचं काम निघालं की मला केबिनमध्ये बसवून बल्ब समोर द्यायचे. हाय का? हाय. हाय का? गेला. दरवेळी ‘गेला’ म्हणताना मला आतून बरं वाटायचं, आणि दरवेळी आपण हे बरं वाटून घ्यायला लायक नाही असंही वाटायचं.

शेवटची भेट हंगामाच्या आधीची. पुढचा दिवा बंद होता, गाडी रिकामी होती. ते वाळले होते, शर्ट अंगावर ढगळ झाला होता, पण पांढरा तसाच. काम लवकर झालं. हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमी लय दिवसाचे बोलतो बोलतो करून राहिले. बोला न.”  मी म्हणालो, काही नाही, चहा घेऊ. ते हसले. “बरं,” म्हणाले, “रिकामे दिसता आज. भरून आले का बोला.” त्यांना माझ्यातलं किती दिसत होतं कोणास ठाऊक... आम्ही चहा प्यालो आणि मी निघालो.

तेरवीला मी गेलो, सगळ्यांत बसलो, जेवलो. तिथंही कोणीतरी त्यांची आठवण म्हणून प्रेमानं उंदराची गोष्ट सांगितली आणि लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मी मान खाली घालून परत आलो. प्राची आता अमरावतीला शिकते. ती घरी आली होती, तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “पाटी माही, स्क्रू तुमचा. माह्या नावावर तुमी इतके वर्स गप्प बसले बाबा, मले कोनी इचारलं काय?” मग तिनंच विचारलं, गाडी कधी भरायची आहे?

आम्ही दोघं निघालो. वाटेत रामदासकडे थांबलो. तो आता नीट चालतो, थंडीत पाय दुखतो म्हणाला. मी सांगितलं ते त्यानं अंगणात उभ्यानंच ऐकलं. मग म्हणाला, “तुमच्यावर राग येऊन राहिला. पन त्या मानसाले मी लय वाईट बोललो होतो हो...” पुढे त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

बायपासला पोचलो तेव्हा शेषूभाऊंचं दुकान उघडं होतं. त्यांच्या पत्नी, कमलवहिनी, रोज सकाळी शटर वर करतात, फडकं मारतात आणि थोडा वेळ पायरीवर बसतात. गिऱ्हाईक येत नाही, त्यांना वायरिंगचं काही कळतही नाही. ती वेळ शटर उघडायची, म्हणून त्या उघडतात. आत खिळ्याला पांढरा शर्ट होता, खिशात कंगवा, आणि शेजारच्या खिळ्याला तो बल्ब, चिमटे एकमेकांत अडकवलेले. मी पुंडलिकला हाक मारली. बाकावरचेही उठून आले. गाडीच्या केबिनमध्ये देवाच्या फोटोमागे इतकी वर्षं ठेवलेला स्क्रू मी दुकानाच्या टेबलावर ठेवला आणि त्या सगळ्यांना सांगितलं. जे त्या दिवशी तीन वाक्यांत झालं असतं, त्याला फार वेळ लागला. प्राची बाजूला उभी होती. पुंडलिकनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. “उंदीर मीच वाढवला बाप्पा,” तो स्वतःशीच म्हणाला, आणि टपरीत जाऊन स्टोव्ह बंद केला.

कमलवहिनी स्क्रू हातात घेऊन फिरवून बघत होत्या. त्यांनी प्राचीला जवळ बसवून घेतलं. उंदीर त्यांना कधी पटलाच नव्हता, म्हणाल्या, कारण शेषूभाऊ वायर उघडी सोडणारे नव्हतेच, पण विचारलं तर विषय टाळायचे. मग म्हणाल्या, “माहं लगन झालं त्या साली सासऱ्याची गाडी जळाली. सगळे मले म्हनत, पांढऱ्या पायाची आनली. ह्यायले तवा वायरिंगचं ओ का ठो येत नवतं. त्या जळक्या गाडीखाली दिवसचे दिवस पडून ह्यायनं वायर कुठं टेकून जळाली तो शॉट शोधून काढला, अन् अख्ख्या घराले बलावून वायर दाखवली. म्हने हे पाहा, हे हाय, माही बायको नाई. तथूनच तं शिकले ते हे काम.”

म्हणजे आयुष्यात पहिला शॉट त्यांनी एका बाईच्या नावावरचा डाग पुसायला शोधला होता. आणि माझ्या गाडीखाली जेव्हा त्यांना असा शॉट सापडला की तो दाखवला तर एका पोरीच्या नावावर डाग पडेल, तेव्हा त्यांनी तो मुठीत धरला आणि स्वतःचं नाव पुढे केलं. त्या तेवढ्या शांततेत, मी ‘गेला, गेला’ म्हणून ओरडत असताना, ते गाडीखाली पडून हेच ठरवत असणार.

मी कमलवहिनींच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. “मले नका सांगू,” म्हणाल्या, “त्यायले सांगा.”

मी आत गेलो. शर्टाला हात लावायची हिंमत झाली नाही, म्हणून बल्बाचा होल्डर धरला. काच थंड होती, आणि तिच्यावर वहिनींच्या फडक्यातून सुटलेली बारीक धूळ होती, ती अंगठ्यानं पुसली. बाहेर माझी गाडी उभी होती, तोंडापर्यंत भरलेली. बाकी सगळे दारात उभे होते, आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्या दिवशी टपरीसमोर ओरडलो होतो जवळजवळ तेवढ्याच, मी म्हणालो, “शेषूभाऊ, उंदीर नवता. स्क्रू माहा होता. अन् तुमाले ‘तू’ म्हनलो मी, सगळ्यायसमोर, तेई चुकलं. माफ करा मले.”